डायलिसिसवरचे यजमान, माहेरी येणारी गरोदर लेक आणि घरातली मांजर, कुत्रा, पक्षी: कोणाला ठेवायचं, कोणाला नाही

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. यजमान 61 वर्षांचे, मूत्रपिंडं निकामी झालेली, सध्या घरीच पोटातलं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, चालू आहे. तीन-चार महिन्यांत प्रत्यारोपण व्हायचंय आणि किडनी ताई स्वतः देणार आहेत. मुलीला पाचवा महिना. सातव्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येईल. घरात 84 वर्षांच्या सासूबाई, मुलगा, सून आणि 4 वर्षांचा नातू. शिवाय 6 वर्षांची मांजर चिंगी, 8 वर्षांचा गावठी कुत्रा बंड्या आणि लव्हबर्ड्सची जोडी. नातवाला वाढदिवसाला कासव हवंय. नणंद आणि व्याही म्हणतात, "सगळे प्राणी देऊन टाका, माणसांपेक्षा का ते जास्त?" ताईंचा प्रश्न एवढाच, की खरंच देऊन टाकायचे का?

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. चिंगी आणि बंड्या घरातच राहू द्या. लव्हबर्ड्स प्रत्यारोपणाच्या आधी दुसऱ्या चांगल्या घरी पाठवा आणि परत आणू नका. कासव नको. पुढचं वर्षभर तरी घरात माशांखेरीज कोणताही नवा प्राणी नको, आणि पिल्लू तर मुळीच नको. कोणत्या प्राण्याचं कोणतं काम घरातल्या कोणी करायचं, हे आत्ताच ठरवा. माझ्या मते तुमच्या घरातला निम्म्याहून जास्त धोका या एका वाटणीने कमी होईल.

मी प्राण्यांची डॉक्टर आहे. माणसांच्या औषधांबाबत अंतिम शब्द तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा, आणि मुलीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा. पण अडचण अशी, की त्यांना चिंगी काय खाते, कुठे झोपते, तिला जंताचं औषध कधी दिलं हे माहीत नसतं आणि मला यजमानांच्या गोळ्या माहीत नसतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांकडचं कळतच नाही, आणि मग "देऊन टाका" हा सोपा सल्ला पुढे येतो.

प्राण्यापासून होणारा आजार कुठल्या प्राण्याकडून जास्त येतो, ते आधी बघू. पहिला नंबर पिल्लांचा. त्यांना जुलाब असतात, पोटात जंत असतात, अंगावर पिसवा असतात, कातडीवर गजकर्ण असतं, आणि खेळताना ती चावतात, ओरबाडतात. त्यानंतर कच्चं मांस खाणारे, बाहेर भटकून शिकार करणारे, लसी न झालेले प्राणी. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांचे धोके वेगळेच. या सगळ्यात कमी धोक्याचा प्राणी म्हणजे वयात आलेला, वर्षानुवर्षं घरातच असलेला, लसी आणि जंताची औषधं वेळेवर झालेला आणि शिजवलेलं किंवा पाकिटातलं अन्न खाणारा. तुमचे चिंगी आणि बंड्या याच गटातले आहेत. त्यांना घालवून सहा महिन्यांनी "आता सगळं ठीक आहे" म्हणून नवं पिल्लू आणलंत, तर सुरक्षित प्राणी देऊन धोक्याचा घेतला असं होईल. हे मी अनेक घरांत होताना पाहिलंय.

आता यजमानांचं बघू. तुम्ही सगळे प्रत्यारोपणानंतरच्या काळाची काळजी करताय, पण चिंगीपासून त्यांना सर्वांत जवळचा धोका आज आहे, आणि तो त्यांच्या डायलिसिसच्या नळीला आहे.

सीएपीडीची पिशवी बदलताना काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. पिशवी कोमट केलेली असते. यजमान खुर्चीत अर्धा-पाऊण तास शांत बसलेले असतात. स्टँडवरून एक पारदर्शक, लवचिक, हलती नळी लोंबत असते. मांजरीला ऊबही आवडते आणि लोंबतं, हलतं काहीही आवडतं. ती येऊन पायाशी बसते, नळीला पंजा मारते, दाताने हलकेच धरते. मांजरीचा सुळा सुईसारखा असतो. नळीला पडलेलं छिद्र डोळ्यांना दिसतही नाही. मांजरींच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू सहज असतात, आणि नळीतून ते थेट पोटाच्या पडद्यापर्यंत जातात. पोटात दुखतं, ताप येतो, बाहेर येणारं पाणी गढूळ दिसतं. याला पेरिटोनायटिस म्हणतात. जगभरच्या डायलिसिस केंद्रांनी अशा केसेस नोंदवल्यात आणि त्यांतल्या बहुतेकांत घरात मांजर होती. पेरिटोनायटिस झाला तर प्रत्यारोपणही पुढे ढकलावं लागतं.

म्हणून पिशवी बदलण्याची खोली ठरलेली हवी. दार-खिडकी बंद, पंखा बंद, आणि दार लावण्याआधी पलंगाखाली, पडद्यामागे वाकून बघायचं, कारण मांजर आधीच आत येऊन बसलेली असते. पिशव्यांचे खोके, नळ्या, क्लॅम्प हे सगळं कपाटात, कडी लावून. रात्री यंत्रावर डायलिसिस असेल तर चिंगीने रात्रभर त्या खोलीबाहेरच राहायचं; त्यांच्या पायाशी झोपायची तिची सवय मोडायला आठवडा जाईल, ती दारावर ओरखडेल, तेवढं सहन करा. नळी कुरतडल्याची नुसती शंका आली तरी छिद्र आणि पोट यांच्या मधल्या भागावर क्लॅम्प लावा, ती नळी वापरू नका आणि ताबडतोब डायलिसिस केंद्राला फोन करून सांगा: "मांजराने नळी चावली असावी." हे वाक्य महत्त्वाचं आहे. त्यावरून कोणतं प्रतिजैविक द्यायचं हे ठरू शकतं. नळी बाहेर येते त्या जागेवर ड्रेसिंग करताना कोणताच प्राणी खोलीत नको.

मुलीच्या बाबतीत सगळ्यांनी तुम्हाला टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे टॉक्सो, या परजीवीची भीती घातली असणार. भीती खोटी नाही. गरोदरपणात आईला पहिल्यांदाच याची लागण झाली, तर ती बाळापर्यंत पोचू शकते आणि त्याच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. पण मांजरीचा त्यातला वाटा नेमका किती, हे समजून घ्यायला हवं.

हा परजीवी मांजरीच्या आतड्यात आपली अंडी तयार करतो, हे 1970 च्या सुमारास स्पष्ट झालं, आणि तेव्हापासून जगभरच्या गरोदर बायकांच्या घरांतून मांजरी बाहेर जाऊ लागल्या. पण मांजर ही अंडी रोज टाकत नाही. तिला पहिल्यांदा लागण झाली, बहुधा लहानपणी उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन, की त्यानंतरचे एक ते तीन आठवडे ती विष्ठेतून अंडी टाकते. मग सहसा आयुष्यभर नाही. शिवाय ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत; बाहेर पडल्यावर तशी व्हायला त्यांना 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे मांजरीचा शी-शूचा ट्रे रोज साफ झाला, तर मांजर अंडी टाकत असली तरी ती बाधायच्या आतच कचऱ्यात गेलेली असतात. चिंगी सहा वर्षं घरात आहे, उंदीर मारत नाही, उकडलेली कोंबडी आणि पाकिटातलं खाते. तिला कुरवाळल्याने, ती मांडीवर बसल्याने मुलीला टॉक्सो होण्याची शक्यता अगदीच नगण्य आहे.

मग लागण होते कुठून? 2000 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या सहा मोठ्या शहरांतल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 30 ते 63 टक्के लागण कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाकडे बोट दाखवत होती, 6 ते 17 टक्के मातीकडे. आणि मांजरीशी संपर्क हा धोक्याचा घटक म्हणून पुढे आला नाही. आपल्याकडे खाणंपिणं वेगळं आहे, पण लागणीचे मार्ग तेच आहेत. मटण पूर्ण शिजलेलं हवं. मटण चिरलेली विळी, सुरी, पाट साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरायचा नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, जे कच्चं खाणार ते वाहत्या पाण्याखाली माती जाईपर्यंत धुवायचं. घर शाकाहारी असलं म्हणून टॉक्सो होत नाही असं अजिबात नाही. न धुतलेली पालेभाजी पुरेशी असते.

आणि माती. सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक गॅलरीतल्या कुंड्या आणि दारातली तुळस बघितल्याशिवाय राहत नाही. सोसायटीतल्या, शेजारच्या, भटक्या मांजरी याच मऊ मातीत आणि बांधकामाच्या उघड्या वाळूच्या ढिगात विष्ठा करतात. चिंगीपेक्षा मला त्या कुंडीची काळजी जास्त वाटते. मातीत हात घालायचा तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. सॅनिटायझरने टॉक्सोची अंडी मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं. आणि ट्रेसाठी बांधकामावरची वाळू उचलून आणत असाल तर ती बंद करा. दुसऱ्या मांजरींची घाण तिच्याबरोबर घरात येते.

गरोदरपणातल्या टॉर्च नावाच्या रक्ततपासणीबद्दल दोन शब्द, कारण तिच्यामुळे फार अश्रू सांडतात. तिच्यात टॉक्सोविरुद्धची दोन प्रतिद्रव्यं बघतात, आयजीजी आणि आयजीएम. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा याचा अर्थ असतो की लागण जुनी आहे आणि बाळाला संरक्षण आहे. म्हणजे ती चांगली बातमी आहे. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी घाबरून कोणताही निर्णय घेऊ नका. ते अनेक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, कधी चुकीचंही येतं. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ अ‍ॅव्हिडिटी नावाची पुढची तपासणी सांगतात, तिच्यावरून लागण ताजी आहे की जुनी याचा अंदाज येतो.

ट्रे साफ करण्याचं काम मुलीचं नाही, यजमानांचं नाही, आणि ताई, ते तुमचंही नाही. प्रश्नात तुम्ही सगळ्यांना मोजलंत, स्वतःला वगळलंत. किडनी दिल्यानंतर काही आठवडे तुम्हाला जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि ओढ घेणाऱ्या कुत्र्याला फिरवायचं तर नाहीच. म्हणजे ट्रे मुलाकडे, रोज सकाळी, हातमोजे घालून. आठवड्यातून एकदा रिकाम्या ट्रेत उकळतं पाणी ओतून. बंड्याचं फिरणं सुनेकडे किंवा विश्वासाच्या माणसाकडे. ही सवय ऑपरेशनच्या महिनाभर आधीच लावा, म्हणजे प्राण्यांनाही एकदम बदल जाणवत नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी माझ्या विषयाबाहेरची आहे पण राहवत नाही. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात; यजमानांना त्यांतलं मायकोफेनोलेट सुरू होण्याची शक्यता मोठी आहे. हे औषध गर्भाला अपायकारक आहे. मुलीने या गोळ्या फोडू नयेत, कुस्करू नयेत, फुटलेल्या गोळीला हात लावू नये. "बाबांच्या गोळ्या काढून दे" हे काम तिला सांगू नका. घरातल्या मांजरीवर चार जण बोलतात, पण या डबीकडे कुणाचं लक्ष नसतं.

चावणं आणि ओरबाडणं ही माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब. निरोगी माणसाला मांजर चावली तर हात सुजतो, बहुधा 24 तासांच्या आत. जखम दिसायला टाचणीएवढी पण आत खोल असते. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसात तोच संसर्ग रक्तात पसरू शकतो. ओरखड्यातून बार्टोनेला नावाचा जिवाणू शिरतो. तो मांजरींमध्ये पिसवांमुळे पसरतो आणि पिसवांच्या विष्ठेतून नखांत येतो. म्हणून मांजरीच्या नखांचा प्रश्न मुळात पिसवांचा आहे. दोन्ही प्राण्यांना दर महिन्याला पिसवा-गोचिडांचं औषध द्या, आणि चिंगीची नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापून घ्या.

इथे एक इशारा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही थेंबांत आणि फवाऱ्यांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीला विष आहे. बंड्याचं औषध "थोडंसं" चिंगीला लावलं, किंवा लावल्यावर दोघं एकमेकांना चिकटून झोपले, तरी चिंगीला झटके येऊन ती दगावू शकते. लेबल वाचा, दोघांची औषधं वेगळी घ्या. बंड्याच्या अंगावरची गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. गोचिडांमुळे माणसांना होणारा टायफससारखा ताप महाराष्ट्रात आढळतो.

कुत्र्याच्या लाळेत कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जिवाणू असतो. बहुतेकांना तो काहीच करत नाही. पण ज्यांची प्लीहा काढलेली आहे, उदाहरणार्थ थॅलेसेमियाच्या काही रुग्णांची, किंवा ज्यांचं यकृत खराब झालंय, त्यांच्यात कुत्र्याच्या साध्या चाव्यानंतर, क्वचित जखम चाटल्यानेही, काही दिवसांत जीवघेणा सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरणारा संसर्ग, होतो. असं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी चाव्यानंतर ताप येण्याची वाट बघू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिजैविकाबद्दल विचारावं. मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या जखमांनाही हे लागू आहे. पायाला संवेदना नसते, कुत्रा प्रेमाने चाटत बसतो, माणसाला कळत नाही. जखम झाकलेली हवी.

रेबीजबद्दल तुम्हाला सगळं माहीत असेल, तरी यजमानांसाठी नियम वेगळा आहे. बाहेरचं कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, रक्त आलं नाही, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची. हळद, तिखट, चुना, काहीही लावायचं नाही. आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायचं की "प्रत्यारोपण झालेलं आहे". रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना केवळ ओरखड्यासाठीसुद्धा लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, देतात, आणि लस कातडीत न देता स्नायूत देतात. त्यांचं शरीर लसीला नेहमीइतका प्रतिसाद देत नाही, म्हणून हा फरक. प्रत्यारोपणाला अजून अवकाश आहे, तर आधीच प्रतिबंधक डोस घ्यावेत का, हे नेफ्रॉलॉजिस्टना जरूर विचारा. मुलीच्या बाबतीत कुणी "गरोदर आहे, लस नको" म्हणालं तर ऐकू नका. गरोदरपणात रेबीजची लस देतात आणि गरज असेल तेव्हा द्यावीच लागते.

बंड्याची वार्षिक लस, नाइन-इन-वन किंवा तत्सम, चुकवू नका. तिच्यात लेप्टोस्पायरोसिसचा भाग असतो आणि पावसाळ्यात तोच महत्त्वाचा. त्याला केनल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, नाकात सोडायची लस देणार असाल, तर तिच्यात जिवंत जिवाणू असतात. त्या वेळी यजमानांनी बंड्याला धरून बसू नये.

खाण्याचं एकच बघा: दोघांनाही कच्चं काही नको. कोंबडीचं कच्चं काळीज, आतडी, खाटकाकडून आणलेली कच्ची आंतरडी, हल्ली फॅशन झालेला कच्च्या मांसाचा डाएट, यांतून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू घरात येतो. गावाकडे बोकड कापल्यावर खराब यकृत-फुप्फुसाचे तुकडे कुत्र्यांना टाकतात. त्यातूनच कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिडच्या गाठींचं चक्र चालू राहतं, आणि त्या गाठी माणसाच्या यकृतात, फुप्फुसात नारळाएवढ्या झालेल्या सापडतात. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, दोघांना एकाच दिवशी, पट्टकृमींवरही चालेल असं. प्रत्यारोपणाच्या आधी दोघांच्या शीची तपासणी करून घ्या. नंतरच्या काळात बंड्याला जुलाब झाले तर यजमानांनी त्याच्याजवळ जायचं नाही आणि 24 तासांत त्याला आमच्यासारख्यांकडे आणायचं; "होईल बरा" म्हणून थांबायचं नाही.

आता लव्हबर्ड्स. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण इथे मी ठाम आहे. पोपटवर्गीय पक्ष्यांमधून सिटॅकोसिस नावाचा न्यूमोनिया माणसाला होतो; पक्षी वरून धडधाकट दिसत असतानाही वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो पसरतो. पिंजरा रोज झटकला जातो, पंख फडफडले की ती धूळ घरभर होते, आणि मांजरीच्या ट्रेसारखी ती एका माणसाच्या हाती सोपवून आवरता येत नाही. हवा तर सगळ्यांचीच असते. शिवाय पिसांच्या आणि विष्ठेच्या कणांनी फुप्फुसाला येणारी सूज, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, ही भारतात दुर्मीळ नाही: 2017 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदणीत फुप्फुस जाड होण्याच्या आजाराच्या 1,084 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हेच निदान झालं होतं. त्यात पक्षी हे एक कारण, एअर कूलर वगैरे इतरही होती.

खिडकीतल्या कबुतरांचंही तेच. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये मुंबईत केवढा वाद झाला ते तुम्ही पाहिलंत. भूतदया मलाही प्रिय आहे, पण ज्या घरात प्रत्यारोपणाचा पेशंट आहे तिथे गॅलरीत कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. त्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या फुप्फुसातून ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. एसीच्या मागची घाण सुक्या झाडूने झाडू नका. पाणी मारून ओली करा, एन-95 मास्क लावलेल्या दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या, यजमान त्या वेळी खोलीत नकोत. हे सगळं ऑपरेशनच्या आधी उरकून गॅलरीला जाळी बसवून घ्या.

कासवाबद्दल नातवाला मीच सांगेन हवं तर. दुकानात मिळतात ती लाल कानशीलवाली पाणकासवं साल्मोनेला घेऊनच फिरतात, आजारी दिसत नाहीत, आणि पाच वर्षांखालची मुलं त्यांना हाताळून तेच हात तोंडात घालतात. या कारणाने अमेरिकेने 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आणि आपली तारा कासवं पाळणं तर बेकायदाच. हॅम्स्टरही नको: 2005 साली अमेरिकेत एका अवयवदात्याच्या घरच्या हॅम्स्टरकडून आलेला एलसीएम विषाणू चार प्रत्यारोपित रुग्णांपर्यंत पोचला आणि त्यांतले तिघे गेले. हाच विषाणू गर्भालाही घातक असतो. नातवाचा हट्ट मोडवत नसेल तर माशांची छोटी टाकी चालेल, फक्त तिचं पाणी मुलाने किंवा सुनेने बदलायचं, यजमानांनी नाही. हाताला जखम असताना कुणीच नाही.

सासूबाईंना जंतूंपेक्षा पडण्याची भीती जास्त आहे. अमेरिकेत 2001 ते 2006 या काळाच्या पाहणीत कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांचा वर्षाचा सरासरी आकडा 86 हजारांवर होता, आणि त्यात कुत्र्यांमुळे पडणारे मांजरांमुळे पडणाऱ्यांच्या कितीतरी पट होते. 84 व्या वर्षी खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बंड्या आणि चिंगी दोघांच्या गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे पायात आले की सासूबाईंना ऐकू येईल. त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा चालू. बंड्याची झोपायची जागा त्या वाटेवर नको. साखळी कधीही मनगटाला गुंडाळायची नाही, आणि सासूबाईंनी ती धरायचीच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्यांच्या हातावरच्या साध्या ओरखड्यातूनही बराच वेळ रक्त येतं. पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून बसलेल्या बऱ्या.

बाळ आल्यावर चिंगीला बाळंतिणीची खोली फार आवडणार आहे. शेक-शेगडी, ऊब, मऊ दुपटी, तिच्या दृष्टीने घरातली सर्वांत उत्तम जागा. दार बंद ठेवा, पाळण्यावर घट्ट ताणलेली मच्छरदाणी लावा, पाळणा रिकामा असतानाही तिला त्यात झोपू देऊ नका. बंड्याला बाळ घरी येण्याआधी दवाखान्यातून आणलेलं वापरलेलं दुपटं हुंगायला द्या, आणि त्याला आणि बाळाला एका खोलीत एकटं सोडू नका, एका मिनिटासाठीही. बंड्या कितीही गुणी असला तरी हा नियम पाळायचाच.

घरात कुणाला दमा असेल तर उत्तर वेगळं होऊ शकतं. मांजरीच्या अ‍ॅलर्जीचं मूळ तिच्या लाळेत आणि कातडीतल्या प्रथिनात असतं, आणि मांजर गेल्यावरही ते गाद्या-पडद्यांत अनेक महिने राहतं, त्यामुळे "चार दिवस पाठवून बघू" या प्रयोगाला अर्थ नसतो. आधी अ‍ॅलर्जीची तपासणी, मग निर्णय.

प्राणी देऊन टाकायला मी कधी सांगते? वारंवार चावणारा कुत्रा, घरात कोणीही ट्रे साफ करायला तयार नाही अशी मांजर, किंवा बाहेर शिकार करणारी आणि आत कोंडून राहू न शकणारी मांजर, आणि घरात ताजं प्रत्यारोपण. अशा वेळी ओळखीतल्या, प्रेमळ घरी, सगळी कागदपत्रं देऊन. बाजारात, मंदिराबाहेर, हायवेवर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि आठ वर्षं घरात झोपलेला कुत्रा रस्त्यावर फार दिवस जगत नाही. शिवाय यजमानांचाही विचार करा. डायलिसिसचे दिवस काढताना बंड्याने पहाटे येऊन नाक लावून उठवणं हेच कित्येकांना अंथरुणातून बाहेर काढतं.

या आठवड्यात एवढं करा: चिंगी आणि बंड्याला तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांकडे नेऊन लसींचं कार्ड अद्ययावत करा, शीची तपासणी करा, आणि एका कागदावर दोघांची वयं, लसींच्या तारखा, जंत आणि पिसवांची औषधं, अन्न, आणि "ट्रे: मुलगा, फिरवणं: सून" असं लिहून घ्या. त्याची एक प्रत नेफ्रॉलॉजिस्टच्या फाइलमध्ये लावा, एक मुलीच्या फाइलमध्ये. प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने औषधांचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि किडनी नाकारली जाण्यावरचे उपचार द्यावे लागले तर तो पुन्हा वाढतो. दोन्ही वेळी यजमानांनी प्राण्यांना लांबून बोलायचं, तोंड चाटू द्यायचं नाही, अंथरुणात घ्यायचं नाही. ऑपरेशनच्या आठवड्यात तुम्ही दोघंही हॉस्पिटलमध्ये असाल. तेव्हा बंड्याला बोर्डिंगमध्ये ठेवू नका, तिथे खोकला, पिसवा आणि जुलाब घेऊन तो परत येतो. मुलगा घरी असेलच, तर दोघांनाही घरीच राहू द्या.